कान नासवणारा शेजारी

स्क्रू काढायचा हातातला पेचकस वर धरायचा आणि म्हणायचं, "थांबा. येतंय."

समोर गिऱ्हाईक फुटलेला मोबाईल घेऊन उभं असो, चहावाल्यानं कप पुढे केलेला असो, नाहीतर मी शेजारच्या गाळ्यातून आवाज कमी करा म्हणून भांडायला आलेली असो, सगळ्यांना एकच न्याय. पेचकस वर, मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधली गिटार तेवढ्यात कुठंतरी गप्प झालेली असायची. आपल्याला वाटायचं, संपलं. पण ती पुन्हा सुरू व्हायची आणि मगच पेचकस खाली यायचा. "आलं का? बोला आता."

अशी माणसं तुमच्याही बघण्यात असतील. ती आपलं काम अडवून ठेवतात, आणि वर आपल्यालाच वाटायला लागतं की आपण उगाच घाई केली. मला मात्र तसं कधी वाटलं नाही. मी रागीट बाई आहे, आणि विसरणाऱ्यातली तर मुळीच नाही. माझ्या सासरच्या लोकांना हे चांगलं ठाऊक आहे.

सोनपेठच्या बसस्टँडसमोर गाळ्यांची एक ओळ आहे. त्यात माझा गाळा, ब्लाऊज आणि पिको-फॉलचा. त्याला लागून या पेचकसवाल्यांचा, मोबाईल दुरुस्ती आणि मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा. मध्ये भिंत नाही, प्लायवूडची फळी आहे. त्यांच्याकडे लागलेलं गाणं माझ्याकडे लागल्यासारखंच. सुरुवातीला ती गिटार मला पत्र्यावर हरभरे ओतल्यासारखी वाटायची. मग मीही मुद्दाम पिकोचं मशीन चालवायचे, खाली कापड नसलं तरी. फळीपलीकडून ते शांतपणे म्हणायचे, "चालवा ताई, चालवा. तुमचं मशीन तालात हाय."

गाव त्यांना बँजोवाले म्हणायचं, मी भाऊ म्हणायचे. पण त्यांच्या गाळ्यात बँजो कुठं दिसायचा नाही. त्याचं कारण मला माहीत होतं, कारण ते घडलं तेव्हा मी तिथं हजर होते.

आपल्याकडचा बँजो म्हणजे टाइपरायटरसारख्या बटणांचा. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. भाऊंच्या वडिलांची बँजो पार्टी होती. वडील गेल्यावर दोघा भावांनी ती चालवली. थोरले वाजवायचे. धाकटा सुपाऱ्या घ्यायचा, माणसं जमवायचा, हातगाडीवर भोंगे बांधायचा. पोळा, गणपती, लग्नं, सगळीकडे त्यांचंच नाव. भाऊंचा बँजो नवरीच्या पाठवणीला वाजायला लागला की नवरीच्या आधी तिची आई रडायची, असं लोक सांगत. पुढे धाकट्यानं डीजेची गाडी घेतली. भाऊंचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. ज्याला जे वाजवायचंय ते त्यानं वाजवावं, एवढंच ते म्हणायचे.

मग त्यांच्या भाचीचं लग्न आलं. सख्ख्या बहिणीची मुलगी, थोरल्या मामाच्या अंगाखांद्यावर वाढलेली. नवरीचा ब्लाऊज मी शिवला होता म्हणून मलाही बोलावणं होतं. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला, त्याच्यापुढे हातगाडीवर बँजो. त्या दिवसासाठी भाऊंनी काहीतरी खास बसवलं होतं. काय ते कुणालाच आधी ऐकवलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. त्यांनी तारांवर हात ठेवला आणि मागून धाकट्याची गाडी आली. नाचायला थांबलेल्या पोरांनी काहीतरी ओरडून सांगितलं, आणि धाकट्यानं डीजे चालू केला. सगळा, बेससकट.

माझं पोट आतून हादरलं. घरांवरचे पत्रे थरथरायला लागले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि भाऊ वाजवतच राहिले. डावा हात बटणांवर फिरत होता, उजवा तारांवर, ओठ हलत होते. मी हातभर अंतरावर उभी होते आणि मला एक सूर ऐकू आला नाही. त्यांनी मध्येच सोडलं नाही. शेवटपर्यंत वाजवलं, शेवटची तार छेडून हात उचलला, बँजो पुसला आणि टॉवेलात गुंडाळला. धाकटा गाडीवरून हसून हात हलवत होता. थोरला दमला असेल असं त्याला वाटलं.

त्यानंतर भाऊंनी बँजोला हात लावला नाही. भावाशी भांडलेही नाहीत. दिवाळीला एकत्र जेवायचे, एकमेकांच्या लेकरांना कपडे घ्यायचे. मला हे सहन होईना. एकदा मी विचारलंच, एवढं झालं आणि तुम्ही गप्प कसे? ते एका स्पीकरची जाळी उचकटत होते.

"भांडून काय होतंय ताई? भांडण त्याला ऐकू येतंय. जे त्याला ऐकूच येत न्हाई ते ऐकवायचंय मला."

मला नीट उमगलं नाही. पण हा माणूस डूख धरून बसलाय एवढं कळलं, आणि त्या दिवसापासून मला तो आवडायला लागला.

ही स्पेनची गिटार त्यांच्याकडे आली ती मोबाईलच्या कृपेनं. बँजो वाजवायचं सोडलं होतं, बघायचं सोडलं नव्हतं. एका दुपारी बँजोचा एक व्हिडिओ संपला आणि आपोआप पुढचं लागलं. खुर्चीवर बसलेला एक माणूस, मांडीवर गिटार, बाजूला दोघं टाळ्या वाजवणारे. भाऊंनी मला हाक मारली आणि दुसरा वाजवणारा कुठं लपलाय ते शोधून द्यायला सांगितलं. मी बराच वेळ बघितलं. दुसरा नव्हताच. त्या एकाच हाताचा अंगठा जाड तारांवर एक वाजवत होता आणि बोटं बारीक तारांवर भलतंच काही. मधूनच तो माणूस नखानं गिटारीच्या लाकडावर टिचकी मारायचा, हलगीवर मारावी तशी. त्या दिवशी भाऊंनी ते पुन्हापुन्हा लावलं. तेवढ्यात माझा एक अख्खा ब्लाऊज शिवून झाला.

याला फ्लामेंको म्हणतात हे त्यांनी नंतर शोधून काढलं, पण तो शब्द ते वापरत नसत. 'स्पेनचं' म्हणायचे. कुणीतरी त्यांना सांगितलं की ज्यांनी हे वाजवणं वाढवलं त्यांच्यातल्या काहींचे पूर्वज पार आपल्या मुलखातून फिरत फिरत तिकडं गेलेले होते. भाऊंनी त्यावर विचार केला. "गेले तर गेले. पोचले ना?" म्हणाले आणि कामाला लागले.

आधी त्यांनाही बोटांच्या वेगाचंच वेड लागलं होतं. दिवसभर सुसाट काहीतरी चालायचं. मग एके दिवशी त्यांनी ते बंद केलं. हे ऐकून माणूस नुसता हैराण होतो, म्हणाले. तोंड उघडं राहतं, कान उघडत नाहीत. डीजेपुढे नाचणारे तरी दुसरं काय करतात? मग त्यांनी मोबाईलमधलं सगळं वेगवेगळं लावून ठेवलं आणि त्याला आपली नावं दिली. 'लय घाईचं', 'भांडणाचं', 'पाण्यावरचं', आणि एक 'दुपारचं'. 'दुपारचं'चं तिकडचं नाव सोलेआ. एकच गिटार, अगदी सावकाश, सोबतीला टाळीसुद्धा नाही. त्यात मध्यावर एक जागा आहे. तिथं वाजवणारा इतका वेळ गप्प राहतो की नवा माणूस उठून उभा राहतो. आणि त्या गप्प बसण्याच्या पुढे जे येतं, त्यासाठीच ते लावायचं.

अशाच एका दुपारी त्यांनी आपला बेत मला सांगितला. चहाचा कप बशीत उपडा घालून, अगदी बाजारहाटाला जायचं असल्यासारखं.

"दूध नासतंय बगा, तसा कान बी नासतोय. एकदा नासला की त्याला डीजे पचत न्हाई. मी समद्या सोनपेठचे कान नासवणार हाय. मग तो कुणासमोर वाजवतोय ते बगू."

लोक सूड घ्यायला काय काय करतात ते आपण बघतोच. कुणी कडबा पेटवून देतं, कुणी कोर्टात जातं, कुणी ठरलेली सोयरीक मोडतं. गिटार ऐकवून भावाचा वचपा काढणारा माणूस मी एकच पाहिला.

पहिला कान माझा होता. त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं की गिटार ऐकायची नाही. मी विचारलं, मग काय ऐकू? "आधी टाळी ऐका. तार कुठं पळून चालली न्हाई." तेव्हा मला कळलं की तिकडची टाळीही दोन प्रकारची असते. एक तळवे पोकळ करून मारलेली, दबकी. दुसरी तळव्यावर बोटं मारून काढलेली, कडक. दोघं मिळून ती अशी काही विणतात की कुणाची कोणती ते सांगता येत नाही. टाळी कळायला लागल्यावर फक्त अंगठा. बोटं काय करतात ते आज नाही, उद्या. मला वाटलं हे काय लोणचं मुरवायलेत का. पण अंगठ्याच्या मागं मागं गेले आणि एके दिवशी शिवता शिवता माझ्या लक्षात आलं, की तो अंगठा सारखा एकच गोष्ट सांगतोय आणि बोटं त्याला सारखी अडवतायत. मी मशीन थांबवलं. फळीपलीकडून आवाज आला, "लागला वाटतं."

मोजायचं कसं हेही त्यांनीच शोधलं. आपल्याकडे अंगठ्यानं बोटांची पेरं मोजतात. चार बोटं, बारा पेरं. मी दिवस मोजते तशी, हुकं मोजते तशी. भाऊंनी 'दुपारचं' लावून पेरांवर अंगठा फिरवला तर फेरा बरोबर बाराचा निघाला. पहिलं बोट संपलं की ठेच, दुसरं संपलं की ठेच. आपण म्हणतो तिसऱ्यालाही तसंच होणार, तर तिथं ठेच मधल्याच पेरावर. मग करंगळीच्या पहिल्या पेरावर, आणि करंगळी संपताना घरी. गिटारीचं बोलणं बहुतेक करंगळीच्या पहिल्या पेराशी संपतं. पुढची दोन पेरं ती गप्प. मधल्या जागेत हे गप्प राहणं फार लांबतं, भाऊंचा पेचकस वर जायचा तो तिथं.

नासलेला कान कसा असतो ते मला वालूरला, माझ्या भाच्याच्या लग्नात कळलं. आधी मी वरातीत सगळ्यांच्या पुढे नाचणारी. त्या दिवशी डीजे सुरू झाला आणि मला त्यात काही सापडेना. टाळी कुठंय, अंगठा कुठंय, गप्प कधी होणार, काहीच नाही. मी मंडपामागे आचाऱ्यांजवळ जाऊन लसूण सोलत बसले. भावजय येऊन म्हणाली, तुमी लय शहाण्या झाल्यात. परत आल्यावर मी भाऊंना झाडून काढलं. माझं नाचणं गेलं, माझ्या माहेरात माझं हसं झालं, आता मी काय करू? त्यांचा चेहरा इतका उजळला की मला पुढं रागवता येईना. त्यांनी चहा सांगितला, स्पेशल.

"एक नासला," म्हणाले.

त्या हिवाळ्यात त्यांनी हुरडा ठरवला. चहावाल्याचं शेत गोदावरीच्या काठाला आहे. चार ओळखीचे लोक, मी, आणि त्यात त्यांनी मुद्दाम धाकट्याच्या डीजेचा ऑपरेटर बोलावला होता. हा बाप्या माणूस, दोन मुलींचा बाप, पूर्वी यांच्याच बँजो पार्टीत ढोल वाजवायचा. आता गाडीवर बसून बटणं फिरवायचा. आगटी पेटली, ज्वारीची कणसं भाजली, गरम गरम चोळून चोळून सगळ्यांचे तळवे लाल झाले. तळहात अगदी हुळहुळे झाल्यावर भाऊंनी सगळ्यांना टाळी धरायला सांगितली. झोंबणाऱ्या हातांनी कोण जोरात मारणार? सगळ्यांनी भीत भीत, पोकळ मारली. तीच ती दबकी टाळी. एरवी शिकवून आली नसती. ऑपरेटरचा ढोलाचा हात, त्यानं फेरा लगेच पकडला आणि मग सोडीचना.

नंतर भाऊंनी 'दुपारचं' लावलं. ती मधली जागा आली. गिटार थांबली. शेतात मोटार चालू नव्हती, कुणी बोलत नव्हतं. चहावाला उठायला लागला तेव्हा भाऊंनी हुरड्याची मूठ वर धरली. "थांबा. येतंय." आणि ते आलं. ऑपरेटरचा चटणीचा हात तोंडापर्यंत जाऊन तसाच राहिला होता.

पुढच्याच महिन्यात एका हळदीला त्यानं आपणहून बेस कमी केला. धाकट्यानं झापलं. त्यानं पुन्हा कमी केला आणि मग काम सोडलं. आता तो परभणीला भाजीचा टेम्पो चालवतो.

धाकटा तणतणत गाळ्यावर आला. त्या दोघांमधलं मला ऐकू आलेलं खरं बोलणं एवढंच. माझी माणसं फितवायलास का दादा, असं तो म्हणाला. भाऊ म्हणाले, "बस. एक डाव हे ऐक." तेव्हा 'दुपारचं'च चालू होतं आणि ती मधली जागा आलेली होती. भाऊंनी पेचकस वर धरला. धाकट्यानं एकदा पेचकसाकडं बघितलं, एकदा गप्प पडलेल्या स्पीकरकडं.

"यात काय ऐकायचंय? मला येळ न्हाई," म्हणाला आणि गेला.

भाऊ पेचकस धरून तसेच बसले. गिटार सुरू झाल्यावरच त्यांनी तो खाली ठेवला. मी त्यांना म्हटलं की हे असं होणार नाही, एखाद्या वरातीत त्याच्या जनरेटरची वायर तोडू, मी कात्री घेऊन येते. मी हे थट्टेनं म्हणत नव्हते. ते म्हणाले, "वायर उद्या जोडतोय तो."

खरं सांगायचं तर सूड काही पुरा होताना दिसत नव्हता. चहावाला नासला, मी नासले, ऑपरेटर नासला. मेमरी कार्ड भरायला येणाऱ्यांना भाऊ गाण्यांच्या तळाशी गुपचूप एक 'दुपारचं' घालून द्यायचे. एकानं ते परत आणून दिलं, यात बिघाड आहे, मध्येच बंद पडतंय म्हणून. तिकडं धाकट्यानं दुसरी गाडी घेतली. मला संताप यायचा. भाऊ मात्र एकेक कान धरून बसलेले. सबर धरा, म्हणायचे. मला सबर नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी छातीत दुखतंय म्हणून ते गाळा बंद करून घरी गेले. परभणीला नेईपर्यंत संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना बसस्टँडवरून नेलं. मी गाळ्याच्या पायरीवर उभी होते. आधी माझं शटर हलायला लागलं, मग काचेच्या बरणीतली हुकं. मला काही समजायच्या आत कोपऱ्यावरून धाकट्याची मोठी गाडी वळली, फुलांनी सजवलेली, तिच्यावर भजनं लावलेली, सगळ्या बेससकट. तिच्या मागं तिरडीवर भाऊ. थोरल्या भावाला वाजतगाजत नेतोय, लोक म्हणत होते, भाऊ असावा तर असा. वहिनी दोघींच्या आधारानं चालत होत्या. त्यांचं तोंड रडण्यानं वाकडं झालेलं दिसत होतं, आवाज येत नव्हता. लेक काहीतरी ओरडत होती, तेही ऐकू आलं नाही. धाकटा गाडीपुढे अनवाणी चालत होता आणि हमसून रडत होता. ते रडणं खरं होतं, हेही सांगते. पण त्या माणसाला त्यानं दुसऱ्यांदा आवाजात बुडवलं होतं आणि या वेळीही त्याला पत्ता नव्हता. मी पायरीवर उभी राहून ठरवलं की याला सोडायचं नाही.

तेरावं झाल्यावर तो गाळ्याची किल्ली घेऊन आला. पत्र्याचे डबे, जुने स्पीकर, वायरींची भेंडोळी बघत बराच वेळ उभा राहिला. मग भाऊंचा मोबाईल हातात घेऊन माझ्या दारात आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"ताई, दादा दिवसभर काय ऐकायचा हो? जो भेटतोय तो मला तेच इचारायलाय. लय गाणी हायत यात. आधी कोणतं लावू?"

भाऊंनी एवढी वर्षं ज्या माणसाची वाट बघितली तो माझ्यापुढे उभा राहून नेमकं तेच विचारत होता. मी त्याला 'लय घाईचं' सांगितलं असतं तर तो सुटला असता. तोंड उघडं टाकून ऐकलं असतं, काय हात हाय म्हणाला असता, आणि संध्याकाळच्या वरातीला गेला असता. माझ्याकडून चांगुलपणाची अपेक्षा त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. मी म्हटलं, 'दुपारचं' लावा. शटर अर्धं ओढा. पंखा बंद करा.

"पंखा कामून?"

"ऐकायचंय ना तुमाला?"

तो पलीकडे गेला. शटर ओढल्याचा आवाज आला, पंखा थांबला. मीही मशीन थांबवलं. ते त्याच्यासाठी नव्हतं. फळीतून तो अंगठा आला, मग बोटं. मी पेरं मोजत होते. पलीकडे खुर्ची एकदा करकरली, नंतर नाही. गिटार चालत चालत त्या जागेपर्यंत आली आणि थांबली. आणि त्यानं मोबाईल बंद केला. त्याला वाटलं, संपलं.

खुर्ची फळीजवळ सरकल्याचा आवाज आला.

"ताई," तो फळीपलीकडून म्हणाला.

"काय?"

"भाचीच्या लग्नात दादा काय वाजवायला होता?"

इतक्या वर्षांत हे त्यानं कुणालाही विचारलं नव्हतं. मी हातातलं कापड खाली ठेवलं.

"मला काय ठावं? मी हातभर लांब व्हते. ते शेवटपर्यंत वाजवत व्हते आन् तुमचा डीजे चालू व्हता. कुणालाच ऐकू आलं न्हाई."

"वहिनीला म्हाईत असंल."

"न्हाई. त्यांनी आधी कुणाला ऐकवलंच नव्हतं."

पलीकडून एक आवाज आला, मला वाटतं त्यानं कपाळ फळीला टेकवलं असावं, कारण माझ्या बाजूला खिळ्याला टांगलेली टेप हलली. तुम्ही म्हणाल, आता तरी तुझा राग जायला हवा होता. नाही गेला. मला बरं वाटलं. भाऊंना जे हवं होतं ते झालं होतं, आणि ते बघायला ते नव्हते, याचा रागसुद्धा मी त्याच्याच नावावर टाकला.

त्यानं गाळा काढला नाही. दोन्ही गाड्या अजून चालतात, पण त्यांच्यावर आता त्याची माणसं असतात, तो स्वतः बसत नाही. दुपारी येतो. अर्धं शटर ओढतो, पंखा बंद करतो, 'दुपारचं' लावतो. त्या जागेपर्यंत ऐकतो आणि बंद करतो. रोज तिथंच. मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा त्यानं मला विचारलंही, "एवढंच हाय का हो हे?" मी दातात दाबून धरलेला दोरा तोडला आणि पुढचं हुक लावायला घेतलं.

भाऊंचा पेचकस माझ्याकडे आहे, कात्रीशेजारी. वहिनींनी काहीतरी ठेवून घ्या म्हटलं तेव्हा मी तोच मागून घेतला. ते असते तर त्यांनी पहिल्याच दिवशी तो वर धरला असता. भावावर एवढा डूख, पण हातात पेचकस आला की त्यांना राहवलं नसतं.

काल दुपारीही तो आला. गिटार त्या जागी आली, पलीकडे मोबाईल बंद झाला. मी इकडे पेरं मोजत राहिले, पहिलं बोट, दुसरं, तिसऱ्याचं मधलं पेर, करंगळी. पुढे काय येतं ते मला पाठ आहे. त्याला फक्त दोन शब्द सांगायचे आहेत. मी अजून सांगितलेले नाहीत.